सोळा टिकल्यांची ढोलकी

हिरामणमामा गेला, त्याला आता सहा आठवडे होतील. त्या दिवशी सकाळी मी चंद्रपूरला आमच्या स्टुडिओत कानाला हेडफोन लावून एका लग्नाच्या व्हिडिओखाली गाणं बसवत होते. आमचा धंदाच तो, नवरा लग्नं शूट करतो आणि मी बसून ती कापते, जोडते. फोन उलटा ठेवला होता. हेडफोन काढून पाहिलं तर कमलमामीचे चार मिस्ड कॉल. मामी स्वतःहून कधी फोन लावत नाही. मामाने लावून दिला तर "हालो" एवढं म्हणून लगेच त्याच्या हातात परत द्यायची. त्यामुळे मी फोन लावायच्या आधीच मला कळलं होतं... मामी रडत नव्हती. "शीलू, तुहा मामा गेला व," ती म्हणाली. "चहा देल्ला होता, कप तसाच हाय." मग म्हणाली, "रविवारी राजुऱ्याले लग्न होतं नं त्यायचं वाजवाचं. देविदासभाऊले सांगून दे, नाई तं थो बिचारा वाट पाहीन." स्कूटीवरून बल्लारपूरला जाताना मी रडत होते हे खरं, पण मधेच मला हसूही येत होतं. माणूस एकाहत्तराव्या वर्षी जातो, तोही चहा पिता पिता, आणि त्याची रविवारची ढोलकीची सुपारी रद्द करावी लागते. असं मरण मागून मिळत नाही. मामाला मिळालं, कारण त्याने मरायच्या आधी तीन वर्षं आम्हा सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं.

मामा बल्लारपूरच्या लाकूड डेपोत मजूर म्हणून लागला आणि तिथूनच रिटायर झाला. सागाचे नग मोजायचे, त्यांच्यावर नंबर टाकायचे, थप्प्या लावायच्या. ओंडक्यावर बोटाच्या पेराने ठोकून, कान जवळ नेऊन तो सांगायचा, हा भरीव, हा आतून पोकळ. लिलावाला आलेले व्यापारीसुद्धा त्याला हळूच विचारायचे म्हणे. तीच खोड घरी. माठ, दार, टेबल, कलिंगड, आम्हा भाचरांची डोकी, काही म्हणजे काही त्याच्या बोटांतून सुटलं नाही. माझ्या साखरपुड्यात त्याने माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या पाठीवर सगळ्या पाहुण्यांसमोर दोन थापा मारल्या आणि जाहीर केलं, "भरीव हाय, घ्या." नवरा अजून ही गोष्ट सांगतो, आणि दरवेळी स्वतःच्या बाजूने थोडी वाढवून सांगतो.

पण मामा खरा होता तो ढोलकीवाला. आमच्याकडे बौद्धांच्या लग्नात, नामकरणाला, विहाराच्या वर्धापनदिनाला गायन पार्टी बोलावतात. देविदासभाऊंच्या पार्टीत मामाने सदतीस वर्षं ढोलकी वाजवली. देविदासभाऊ मधे पेटी घेऊन बसायचे, गायचेही तेच. त्यांच्या उजव्या हाताला मामा. ती जागा ठरलेली. मामा आजारी असला तरी तिथे दुसरं कोणी बसत नसे, झांजवाला एक वीत जागा सोडून बसायचा. लहानपणी मला वाटायचं, ती जागा सरकारने मामाच्या नावावर केली असावी. गाणं सुरू झालं की मामा मान एका बाजूला टाकायचा, डोळे मिटायचा, आणि त्याचं मनगट असं काही फिरायचं की बायका स्वयंपाक सोडून मांडवाच्या कडेला येऊन उभ्या राहायच्या. मामी मात्र कधी यायची नाही. ती म्हणायची, "घरी आइकतोच की मी. रोजचंच हाय ते."

मग चार वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या अंगाला लकवा मारला. पाय दोन महिन्यांत चालू लागला, तोंडही सरळ झालं. बोलणं तर पहिल्या आठवड्यातच सुरू झालं, दवाखान्यातल्या सिस्टर त्याच्या बोलण्याला कंटाळल्या होत्या. पण डावा हात गेला तो गेलाच. अंगठ्याजवळची दोन बोटं तेवढी हलायची, मनगट वळेना. आणि ढोलकी म्हणजे सगळा मनगटाचा कारभार. उजव्या हाताने टणक बोल काढायचे, डाव्याने घूम द्यायची. घूम नसली तर ढोलकी म्हणजे नुसती टकटक. पार्टीने दुसरा वादक घेतला, घ्यावाच लागला. मामाने तोंडाने काही म्हटलं नाही, पण प्रत्येक कार्यक्रमाला तो पहिल्या रांगेत जाऊन बसू लागला आणि बसल्या जागेवरून उजव्या हाताने मांडीवर ठेका धरू लागला. नव्या वादकाची नजर मामाच्या मांडीवर गेली की त्याची लय सुटायची. विसापूरच्या एका लग्नात तर देविदासभाऊंना गाणं थांबवावं लागलं. त्यांनी माइक बाजूला केला आणि हात जोडून म्हणाले, "हिरामणभाऊ, जरा मांगं बसता का..."

मामा मागे बसला नाही. उठून घरी आला. त्यानंतर आठ महिने तो कुठल्याही मांडवात गेला नाही. मी भेटायला जायची तेव्हा तो पडवीत खुर्ची टाकून बसलेला असायचा आणि त्याची बोटं खुर्चीच्या हातावर चालायची नाहीत. मामाची बोटं गप्प, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. मी एकदा विचारलं, "मामा, तुमाले का पाह्यजे, सांगा ना." मी डॉक्टर, औषध, मालिश असं काहीतरी धरून चालले होते. तो म्हणाला, "मले माही जागा पाह्यजे. पेटीच्या बाजूची." एवढंच.

आता एका डब्याची गोष्ट. व्हिडिओखाली तालाचे तुकडे बसवायला मी एक पॅड कंट्रोलर वापरते. वहीएवढा आकार, वर रबराचे सोळा चौकोन, बाजूला आठ गोल खुंट्या, आणि एक वायर लॅपटॉपला. त्या चौकोनांना स्वतःचा आवाज काही नसतो. लॅपटॉपमध्ये जो आवाज भरून ठेवाल तो बोट लागलं की वाजतो, हळू लागलं तर हळू, जोरात लागलं तर जोरात. एकदा मामाकडे गेले तेव्हा तो माझ्या पिशवीत होता आणि मामीने ती पिशवी उचलून मामाच्या मांडीवर ठेवली. मामाने डबा बाहेर काढला. "हे का व? हिशोबाचं मशीन?" मी म्हटलं, दाबून पाहा. लॅपटॉप लावून दिला. त्यात तयार मिळणारे ढोलकीचे आवाज होते. मामाने उजव्या हाताचं एक बोट टेकवलं. टप् असा आवाज आला. त्याने दुसरं टेकवलं. तिसरं. मग माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याला शिळा भात वाढला. "कोनाची ढोलकी हाय हे? बिमार हाय थे. चामडं ढिलं, वाजवनाऱ्याचं मन लागून नाई राह्यलं." मी म्हटलं, मामा, कोणाची ते मलाही माहीत नाही, कुठल्या देशात वाजवली असेल कोण जाणे. "मंग मले कायले देतं?" एवढं बोलून त्याने डबा ढकलला. पण लगेच परत ओढला. आणि लकवा मारलेल्या हाताची ती दोन बोटं, जी चमचासुद्धा नीट धरत नव्हती, ती त्याने डावीकडच्या चौकोनांवर ठेवली आणि एकानंतर एक अशी टेकवली. दोन्ही वाजली. मनगट लागलंच नाही. मामा बराच वेळ त्या बोटांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "शीलू, येच्यात माही ढोलकी भरता येते का?"

भरता येते. पण मामाची ढोलकी भरणं म्हणजे काय प्रकार होता, ते ऐका. मागच्या खोलीत खिडकीला गोधड्या टांगल्या. फ्रिज बंद केला, पंखा बंद केला. शेजारच्यांना सांगून त्यांचा कोंबडा परसातून हलवला. मामाच्या पुढे माइक ठेवला आणि सांगितलं, "मामा, एक बोल मारा आणि थांबा. आवाज पुरा विरेपर्यंत हालू नका. मग दुसरा." मामा म्हणाला, सोपं हाय. एक थाप मारली. आणि लगेच पुढची, तिच्या पुढची, आणि आवर्तन पूर्ण करूनच थांबला. मी म्हटलं, मामा, एक. "हो हो, एक." परत थाप, परत सगळं आवर्तन. सतरा वेळा मी मोजलं. शेवटी तो स्वतःवरच चिडला. "मी का मुद्दाम करून राह्यलो का व? हात थांबत नाई. एक बोल मारून कोनी थांबते का कधी?" मी त्याचं मनगट धरून पाहिलं, तर थाप पडायच्या आतच मी हात धरायची. मामी दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. मी तशी फटकळ, मीही चिडले. म्हटलं सदतीस वर्षं वाजवलं आणि एक थाप मारता येत नाही, बाहेर सांगू नका कोणाला. मग मला सुचलं की ढोलकीवाला थांबतो तरी कुठे? समेवर. गाणं संपतं तिथे. मी म्हटलं, "मामा, असं समजा का गाणं झालं. देविदासभाऊनं पेटी मिटली. आता शेवटची एकच थाप राह्यली हाय. थे मारा." मामाने डोळे मिटले, मान टाकली, आणि मारली. आणि थांबला. खोलीत तो आवाज गोधड्यांवरून फिरून विरला तरी तो तसाच बसून होता. त्या दिवशी आम्ही बारा बोल भरले, प्रत्येक बोल तीन तऱ्हेने, हळू, मध्यम आणि जोरात. सगळे शेवटचे म्हणून मारलेले. पुढे मामाने त्या शेवटच्या थापांवर दोन वर्षं गाणी सुरू केली.

उजवी बाजू झाली. डावी उरली. मामाचा डावा हात तर पडलेला. मी म्हटलं, घूम आपण दुसऱ्या कोणाकडून मारून घेऊ, पार्टीतल्या त्या नव्या वादकाला बोलावू. मामाचं तोंड उतरलं. तेवढ्यात मामी आत आली, हात पदराला पुसत. "सरका," ती म्हणाली. ढोलकीच्या डाव्या बाजूला मांडी घालून बसली. या बाईने लग्न झाल्यापासून ढोलकीला हात लावला नव्हता, धूळ पुसायलाही मामाच लावू देत नसे. तिने तळहाताचा मनगटाकडचा भाग चामड्यावर टेकवला, बोटं पडू दिली आणि तळवा पुढे रेटला, कणकेचा गोळा रेटतो तसा. खोलीत घूम भरली. मी माइककडे पाहायचं सोडून मामाकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं. ती मामाचीच घूम होती. तीच वर येणारी, शेवटी किंचित वळणारी. "आनखी एक," मामा म्हणाला. मामीने आणखी एक मारली. "ओढून मार." तिने ओढून मारली. "आता दाबून." "मालूम हाय मले," मामी म्हणाली, "तुमी कशी मारता थे मले नका सांगू." चार बोल तिने दिले, चारही पहिल्याच खेपेला. ती एक मारून थांबायची, कारण तिला पुढे काही वाजवायचं नव्हतं. झाल्यावर मामा तिला म्हणाला, "पह्यले काऊन नाई सांगतलं, तुले येते म्हनून?" मामी उठत म्हणाली, "तुमी विचारलंच कधी?" आणि चुलीवरचं पाहायला गेली.

डबा आणि माझा जुना लॅपटॉप मी मामाकडेच ठेवला, आणि सुरू झाली शिकवणी. सोळा चौकोन एका रंगाचे, कुठला बोल कुठे ते लक्षात राहीना. मामीने तिच्या टिकल्यांचं पाकीट आणून दिलं. बारा लाल टिकल्या मामाच्या, चार हिरव्या मामीच्या. पण मामाला खरी अडचण दुसरीच होती आणि ती मला तीन दिवस कळली नाही. तो सारखा म्हणायचा, "हे मांगून बोलून राह्यलं." मी म्हणायची, मामा, काही मागून नाही, बोट लागताच वाजतं. "नाई. मी आता म्हन्तो, अन् थे मंग म्हन्ते." मला तो फरक ऐकू येत नव्हता. शेवटी मी लॅपटॉपमध्ये मोजून पाहिलं, तर बोट लागणं आणि आवाज येणं यांच्यात खरंच उशीर होता, पापणी लवायच्याही आतला. उशीर कमी केला की आवाज पापड भाजल्यासारखा तडतडायचा. तडतड थांबवली की उशीर परत. मी बाहेरून लावायचं एक साउंड कार्ड आणलं, लॅपटॉपमधले आकडे बदलून बदलून एक मधली जागा शोधली. मामाने वाजवलं, ऐकलं, आणि म्हणाला, "हं, आता माह्याबरोबर चालून राह्यलं." माझ्यासारख्या रोज आवाजात काम करणारीला जे कळलं नाही ते लाकूड ठोकणाऱ्या त्या बोटांना कळलं होतं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने गावभर केलं असतं.

त्या उन्हाळ्यात मी एकदा दुपारी न सांगता गेले. दार लोटलेलं होतं. आत मामा आणि मामी एकाच डब्यापुढे बसले होते. मामाची दोन बोटं दमली होती म्हणून डाव्या हिरव्या टिकल्या मामी वाजवत होती, उजव्या लाल मामा. मामा तोंडाने गाणं म्हणत होता आणि मधेच तिला दटावत होता, "घाई नको करू व," आणि मामी म्हणत होती, "मी नाई करून राह्यली, तुमी मांगं राह्यले." मी चपला न काढता तशीच पायरीवर बसले. त्यांचं झाल्यावर आत गेले. दोघांनीही काही झालंच नाही असं दाखवलं. मामी चहा टाकायला उठली.

देविदासभाऊंना राजी करायला मला दोनदा जावं लागलं. ते वाईट माणूस नाहीत, पण ढोलकी म्हणजे ढोलकी असं मानणारे. "बटनं दाबून का वाजवते कोनी, शीलाबाई," ते म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, एक गाणं. नाही आवडलं तर मी स्वतः डबा उचलून नेईन. ते एक गाणं पोंभुर्ण्याच्या बाजूला एका गावात, भर दुपारी, आंब्याच्या झाडाखाली घातलेल्या मांडवात झालं. पेटीच्या उजव्या बाजूला एक स्टूल ठेवलं, त्यावर डबा, मागे लॅपटॉप आणि तिथून वायर स्पीकरला. मामा जागेवर बसला. बसताना त्याने जमिनीला हात लावला आणि कपाळाला नेला. देविदासभाऊंनी माइकवरून ओळख करून दिली, "अन् मशीन ऑपरेटर, हिरामणभाऊ." मामाने आपल्या बाजूचा माइक ओढला. "ऑपरेटर नाई. ढोलकी," तो म्हणाला, आणि सुरू केलं. उन्हाने त्याची बोटं घामेजली होती, त्यामुळे तिसऱ्या कडव्यात टिकल्या सुटायला लागल्या. एक लाल टिकली त्याच्या बोटाला चिकटली, तिथून नाकावर गेली. मामाला काही पत्ता नाही. डोळे मिटून, नाकावर टिकली लावून तो वाजवत होता आणि बायका हसत हसत टाळ्या देत होत्या. नवरीचा आजा उठून आला आणि स्टुलाखाली वाकून पाहू लागला, की ढोलकी लपवली तरी कुठे. गाणं संपलं. देविदासभाऊ पेटीचा भाता धरून तसेच बसले होते. मग त्यांनी फक्त विचारलं, "पुढचं कोनतं घ्याचं, हिरामणभाऊ?" मामाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायलाही त्याने डब्यावरचे हात उचलले नाहीत.

पुढची दोन वर्षं म्हणजे नुसती धमाल. जिवतीच्या डोंगरात, मूलला, आरमोरीला, गडचिरोलीला, मामा डबा आणि लॅपटॉप पिशवीत घालून निघायचा. मामीने ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची डब्याला खोळ शिवली होती. एटापल्लीकडच्या एका गावात रेला नाचणाऱ्या गोंड बायकांच्या टाळ्या त्याला इतक्या आवडल्या, की त्याने मला फोन करून विचारलं, सतरावा चौकोन लावता येते का. आवाज गुंजवणारी एक खुंटी त्याला सापडली होती, आणि दर गाण्यात ती तो इतकी फिरवायचा की देविदासभाऊ गाता गाता त्याला कोपर मारायचे. पण एक गंमत फक्त आम्हा तिघांना माहीत होती. सगळे म्हणायचे, लकव्यानंतर हिरामणचा डावा जास्त गोड झाला. देविदासभाऊ तर प्रत्येक मांडवात म्हणायचे, "डावा पाहा माह्या भाऊचा, डावा." मामा माझ्याकडे पाहायचा आणि त्याला हसू आवरायचं नाही. त्याला ते सगळ्यांना सांगायचं होतं, अगदी माइकवरून. मामीनेच अडवलं होतं. "लोक हासतील," ती म्हणायची. "म्हनू द्या त्यायले, का म्हन्ते थे." मामा मला म्हणायचा, "शीलू, मले बरं नाई वाटत व हे. हात तिचा, अन् नाव माहं." पण मामीपुढे त्याचं कधी काही चाललं नाही.

मामासाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि मागच्या रविवारी दुपारी देविदासभाऊ घरी आले. मी होतेच. ते मागच्या खोलीत बसले, जिथे आम्ही गोधड्या टांगल्या होत्या. डबा मामाच्या खुर्चीवर होता, खोळीत. मामीने चहा आणला. देविदासभाऊ बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, धानाचं, उन्हाचं. मग म्हणाले, "वहिनी, एक मांगाचं होतं. थो आधीचा वादक दुसऱ्या पार्टीत गेला. चंद्रपूरचा एक मानूस भेटला हाय, त्याले हे मशीन येते. हिरामणभाऊचे बोल तेवढे आमाले द्या. मानूस नवा राहीन, पन ढोलकी त्यायचीच वाजन. तुमी नाई म्हनाल तं मी काई म्हनत नाई." खरं सांगते, मला राग आला. त्या जागेवर दुसरं कोणी बसणार, आणि मामाच्या थापांवर त्याची बोटं नाचणार. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मामीने हातानेच मला थांबवलं.

मामीने डबा मांडीवर घेतला, खोळ काढली. टिकल्या जुन्या झाल्या होत्या, कडा सुटलेल्या. "देविदासभाऊ," ती म्हणाली, "येच्यात बारा बोल त्यायचे हायेत. थे न्या. वाजू द्या, त्यायले बरं वाटन." देविदासभाऊंनी मान हलवली. "अन् हे हिरवे चार?"

"हे चार माहे हायेत."

देविदासभाऊंना वाटलं, बाई दुःखात बोलून राह्यली, नवऱ्याचं ते माझं अशा अर्थाने. ते समजुतीने म्हणाले, "हो, सगळं तुमचंच हाय ना वहिनी." मग मी त्यांना सांगितलं. दोन वर्षं तुम्ही माइकवरून ज्या डाव्याचं कौतुक केलं तो हा हात आहे. याच खोलीत, याच जागी बसून मारलेला. त्यांनी कप खाली ठेवला. मामीच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत त्या हाताकडे. मामीने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला, मी वायर लावली. तिने दोन बोटं हिरव्या टिकल्यांवर ठेवली आणि ठेका धरला. मामा गेल्यावर पहिल्यांदा त्या घरात घूम झाली. मी रडले, देविदासभाऊ रडले. मामी वाजवत होती आणि वाजवता वाजवताच म्हणाली, "तुमचा मानूस उजवे वाजवन. डाव्याले मी येतो."

देविदासभाऊ डोळे पुसत म्हणाले, "याच, वहिनी. पन पेटीजवळची जागा एकाच मानसाची हाय."

"मंग त्याले म्हना," मामी म्हणाली, "जरा सरकून बस."